पाच हजार माणसांचा सावळीराम

मित्रांनो, मी शिक्का आहे. शिसवी मुठीचा, जुना, तळाला रबर चिकटवलेला. त्या रबरावर उलट्या अक्षरांत एकच शब्द कोरलेला आहे: गोपनीय. मुठीचं पॉलिश कधीच गेलं. रबर कडक झालंय, जोर दिल्याशिवाय नीट उमटत नाही. तरी लोक मला बघून अजून आवाज खाली करतात. घाबरले तर एक वेळ चाललं असतं. लोक माझ्यावर विश्वास ठेवतात, आणि संताप मला त्याचाच आहे.

माझा जन्म १९९१ सालचा, नाशिकला शालिमारजवळच्या एका गल्लीतला. मला कापणारा कारागीर तंबाखू मळत मळत काम करायचा. त्याच दिवशी त्याने रबराच्या त्याच पट्टीतून एका शाळेसाठी 'मुख्याध्यापक' आणि एका दवाखान्यासाठी 'सोमवारी बंद' असे शिक्के कापले. आम्ही तिघं सख्खी भावंडं. 'सोमवारी बंद' उमटला म्हणून कुणी त्या दवाखान्यातल्या औषधाला गुणकारी म्हणत नाही. मग माझाच ठसा बघून लोकांची अक्कल का जाते, हे मला आजवर कळलेलं नाही.

मला घेऊन गेले एका सरकारी कार्यालयात. त्याचं नाव सांगत नाही. तिथलं काम खबरा गोळा करण्याचं. कोण सभा घेतं, कोण मोर्चा काढतं, कोणाच्या शब्दाला किती वजन आहे, हे लिहून वर पाठवायचं. ते कागद माझ्याखालून जायचे, वर एक ठसा, खाली एक ठसा. पण मित्रांनो, माझ्याखालून आणखी काय काय गेलं ते ऐका. पंखा दुरुस्त करून मिळावा म्हणून लिहिलेलं पत्र गोपनीय. हवालदाराच्या मेहुण्याच्या लग्नासाठी मागितलेली रजा गोपनीय. एकदा तर साहेबांच्या जावयाची पत्रिकाही टपालात मिसळली आणि मी तिच्यावरही उमटलो. मला डोळे मिटून उचलायचे आणि हाणायचे. कागदात काय आहे हे मला कुणी विचारलं नाही, आणि मी कुणाला सांगितलं नाही.

तिथे दत्तू गांगुर्डे नावाचे हवालदार होते. मूळचे देवळ्याचे. माणूस वाईट नव्हता. गुडघे वाईट होते. त्यांच्याकडे पेठकडचा डोंगरी भाग दिला होता. त्या भागात जांभूळमाळ नावाचा एक पाडा आहे. एसटी घाटाखाली सोडते, पुढे दीड तास चढण. दत्तू एकदाच वर गेले, १९९३ च्या जानेवारीत. वन चौकीवरून गावातल्या बायांनी आपले जप्त केलेले नांगराचे फाळ आणि कोयते परत उचलून नेले होते. त्याची चौकशी होती. दत्तू परत आले ते लंगडत, आणि खिशात एक नाव घेऊन.

"पुढारी सापडला साहेब," ते म्हणाले. "सावळीराम म्हणून आहे."

"भेटला?"

"नाही, गावात नव्हता. पण विचारलं त्या प्रत्येकाने त्याचंच नाव सांगितलं. म्हातारीपासून पोरापर्यंत."

"किती माणसं मानतात त्याला?"

"बऱ्यापैकी."

"बऱ्यापैकी काय लिहू वर? आकडा सांग."

"पाचशे टाकू?"

साहेब हसले. "पाचशे माणसांच्या पुढाऱ्यासाठी जीप देतं का कुणी दत्तू? आपण गेली दोन वर्षं जीप मागतोय."

दत्तूंनी मान खाली घातली आणि एक शून्य वाढवलं. टंकलेखक मोहिनीबाईंनी ते टाइप केलं: 'सदर इसमाच्या एका शब्दावर पाच हजार आदिवासी रस्त्यावर उतरू शकतात.' मग मला उचललं. वर एक, खाली एक. चार महिन्यांनी जीप आली. साहेबांनी पेढे दिले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं पहिलं पाप हे. पण पाप एकदाच केलं असतं तर मी आज तुमच्यापुढे तोंड उघडलं नसतं. पुढे दत्तू घाट चढलेच नाहीत. घाटाखालच्या हॉटेलात बसायचे, भजी खायचे, चार गप्पा ऐकून परत यायचे. मोहिनीबाई विचारायच्या, "काय नवीन दत्तूभाऊ?" आणि दत्तू म्हणायचे, "मागचंच घ्या बाई, तारीख तेवढी बदला." १९९४ ला पाच हजार. १९९६ ला पाच हजार. १९९९ ला पाच हजार. सहा वर्षांत त्या डोंगरात कुणी मेलं नाही, कुणी जन्मलं नाही, कुणी सावळीरामला सोडून गेलं नाही. आकडा जागच्या जागी.

आणि याहून वाईट ऐका. एक बातमीदार साहेबांकडे चहाला यायचा. साहेबांनी त्याला सहज सांगितलं, डोंगरात एक माणूस आहे, पाच हजार माणसं आहेत त्याच्यामागे. त्याने छापलं. दत्तूंनी ते कात्रण कापलं, पुढच्या अहवालाला डकवलं आणि खाली लिहिलं: 'वरील माहितीस वृत्तपत्रातूनही दुजोरा मिळतो.' आपलीच थुंकी झेलून तिला तीर्थ म्हणायचं, आणि वर माझा ठसा.

सावळीरामला मी पाहिलं ते १९९७ साली. कुणी मोठा मंत्री नाशिकला येणार होता, म्हणून आदल्या दिवशी त्याला उचलून आणलं. दरवाजात उभा राहिला तेव्हा मला वाटलं, हा चहावाला असेल. वाळलेला माणूस. बोटं निळी, कारण निफाडकडे द्राक्षाच्या मळ्यात मोरचुदाची फवारणी करत असताना त्याला तसाच जीपमध्ये घातला होता. हो, त्याच जीपमध्ये.

"तुझे पाच हजार लोक कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, आमच्या पाड्यात एकवीस घरं हाईत."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोन?"

दत्तू टेबलाकडे बघत राहिले. साहेब म्हणाले, "बघा, मुरलेला आहे. बरं, तू पुढारी नाहीस तर मग पुढारी कोण?"

सावळीरामने आपल्या निळ्या बोटांकडे पाहिलं. "म्हाईत नाय," म्हणाला.

दोन दिवस त्याला ठेवून घेतलं. आणि अहवालात काय लिहिलं माहीत आहे? 'सदर इसम अत्यंत धूर्त असून आपले सामर्थ्य लपवतो.' म्हणजे तो हो म्हणाला असता तर पुढारी, आणि नाही म्हणाला म्हणून आणखी मोठा पुढारी. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी ओरडलो असतो. मला फक्त तळ आहे. मी उमटलो. पुढे अजून दोनदा त्याला असंच उचललं. दर वेळी मळ्यातून, दर वेळी त्याची मजुरी बुडवून.

दत्तू निवृत्त होऊन गावी गेले. साहेबांची बदली झाली. कार्यालयात संगणक आला. शाईचा पॅड आणि मी एका खणात गेलो, आणि सावळीरामची फाईल लाल कापडात बांधून अभिलेखकक्षात गेली. तिथे कसर तिला खात होती. मला वाटलं, खाऊ दे. चांगलं काम करतेय.

पण माहितीचा कायदा आला. मी म्हणतो, चांगला कायदा. लपवलेलं बाहेर यायलाच हवं. २००८ मध्ये खंडेराव नावाच्या एका ठेकेदाराने अर्ज केला, वरून हुकूम आला, आणि त्या फाईलवरच्या माझ्या प्रत्येक ठशावर एक लाल रेघ मारून खाली लिहिलं गेलं: 'गोपनीयता रद्द'. खंडेरावाला इतिहासाचं वेड नव्हतं. सावळीराम पावसाळ्यात नागली आणि वरई लावायचा तो उतार त्याला खडी क्रशरसाठी हवा होता. आणि सावळीरामने नव्या वनहक्क कायद्याखाली त्याच उतारावर दावा लावला होता.

त्याच महिन्यात आणखी एक जण फाईल बघायला आली. तृप्ती देशमाने, नाशिकच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. देवळाली कॅम्पहून स्कूटरवर यायची. फाईल उघडली आणि बाई आनंदाने लाल झाली.

"मोहिनीताई, हे बघा. पाच हजार माणसं याच्या शब्दावर. आणि कुणाला नावही माहीत नाही याचं. मी याच्यावर पुस्तक लिहिणार."

मोहिनीबाई खणातलं काहीतरी शोधत होत्या. त्यांनी मला बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "लिहा की. मी टाइप केलेलंच लिहाल."

"म्हणजे?"

"म्हणजे दत्तूभाऊ त्या खुर्चीत बसायचे आणि मी या खुर्चीत. डोंगर मधे कुठेच नव्हता."

"पण मोहिनीताई, सरकारी कागद आहे. गोपनीय होता."

"माझ्या पंख्याचा अर्जपण गोपनीय होता," मोहिनीबाई म्हणाल्या. "पंखा अजून बंदच आहे, बघा वर."

तृप्तीने वर पाहिलं. मग ती बसली. आधी जे ती चवीने वाचत होती तेच तिने परत वाचलं, पण आता पेन्सिल घेऊन. प्रत्येक कागदाच्या कडेला लिहीत गेली: लिहिणारा तिथे होता का? त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं? कुणाकडून ऐकलं? आकडा मोठा झाल्याने कुणाचं भलं झालं? मित्रांनो, सतरा वर्षांत मला असा वाचक पहिल्यांदा भेटला. मला चांगलं वाटलं, आणि लाजही वाटली. कारण त्या चार प्रश्नांपुढे माझ्याखालचा एकही कागद उभा राहत नव्हता.

सुनावणी प्रांतसाहेबांपुढे झाली, २००९ च्या उन्हाळ्यात. मूळ कागद घेऊन मोहिनीबाईंना पाठवलं होतं. त्यांच्या पिशवीत शाईचा पॅड आणि मी. सवय, दुसरं काय. जांभूळमाळहून माणसं आली होती, बाहेर व्हरांड्यात बसली होती. आत सावळीराम, आणि त्याच्याशेजारी कुसाबाई नावाची एक म्हातारी, त्याची चुलती लागायची. त्याच्या बाजूने बोलायला तृप्तीही आली होती, पेन्सिलीच्या खुणांचे कागद घेऊन.

खंडेरावाने फाईल टेबलावर ठेवली. "साहेब, हा माणूस शेतकरी नाहीच. पूर्ण वेळ पुढारी. मी म्हणत नाही, सरकारची गुप्त फाईल म्हणतेय. आज सभा, उद्या मोर्चा. ज्याच्या मागे पाच हजार माणसं फिरतात तो नागली लावायला कधी जाणार? जमीन कसत होता हेच खोटं आहे."

तृप्ती उठली. "साहेब, १९९६ च्या मार्चमधली एक तारीख आहे. एका अहवालात लिहिलंय की दुपारी चार वाजता यांनी जांभूळमाळला सभा घेतली. दुसऱ्या अहवालात लिहिलंय की त्याच दिवशी, दुपारी चार वाजता, हे मनमाड स्टेशनवर रेल्वे कामगारांना भडकवत होते."

"पुढारी माणूस आहे, गाडी असेल," खंडेराव म्हणाला. दोघं-चौघं हसले.

"दोन्हीकडे चार वाजता, खंडेरावसाहेब. आणि शिरगणती काढून आणलीय मी. आसपासचे नऊ पाडे धरले, तान्ही मुलं धरली, तरी दोन हजार माणसं भरत नाहीत. बाकीचे तीन हजार कुठून उतरायचे?"

प्रांतसाहेबांनी चष्मा काढला. माणूस सरळ होता, पण कागदावर वाढलेला. "मॅडम, आकडा फुगवला असेल, तारीख चुकली असेल, मान्य. पण माणूसच चुकीचा, असं कसं म्हणता? खोटंच असतं तर गोपनीय कशाला केलं असतं?"

ऐकलंत? हा प्रश्न माझ्या तोंडावर मारलेला आहे. शिकलेला, अधिकारी माणूस हे विचारतो. अहो, लपवतात ते खरं असतं म्हणूनच नव्हे. चूक झाकायलाही लपवतात, आळस झाकायलाही लपवतात, कुणी तपासू नये म्हणूनही लपवतात. उघड्या कागदाला चारजण टोकतात. माझ्याखालच्या कागदाला कुणी टोकत नाही, म्हणून तर तो बारा-बारा वर्षं खोटा राहू शकतो. आणि ज्याने लिहिला तो दत्तू देवळ्याला कांदा बघत बसलाय. कागदाला उलट प्रश्न विचारता येत नाही.

"कोणीतरी तर पुढारी होतंच," प्रांतसाहेब म्हणाले. "चौकीवर आपोआप तर कुणी गेलं नाही. सावळीराम, तू नव्हतास तर कोण होतं?"

सावळीराम उभा राहिला. "म्हाईत नाय साहेब."

बारा वर्षांपूर्वीचं उत्तर, तसंच. आणि मला तेव्हा कळलं की या माणसाला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. एक नाव सांगितलं असतं तर तीनदा सुटला असता. आजही एक नाव सांगितलं तर जमीन मिळेल. आणि तो ते सांगत नाही.

कुसाबाई उठली.

"काकी, बसा," सावळीराम म्हणाला.

"तू गप." म्हातारी टेबलापर्यंत आली. "साहेब, मी व्हते. चौकीवर बाया म्या नेल्या."

"किती?"

"साठ निघाल्या. दोघी मधनंच माघारी गेल्या, लेकरं रडत व्हती. अठ्ठावन."

"मग याचं नाव पोलिसांना कुणी सांगितलं?"

"आमीच. बाहेरचं कोनी इचारायला आलं का गावात नसंल त्याचं नाव सांगायचं, ही आमची रीत हाय. नसलेल्याला कोन धरनार? हा तवा मळ्यात व्हता, म्हनून याचं सांगितलं. आमाला काय म्हाईत, कागद मळ्यातबी जातो." तिने सावळीरामकडे बोट केलं. "याला तीनदा आत टाकलं. यानं माजं नाव घेतलं नाय. आन मी घरी भाकरी थापीत बसले. हा कसला पुढारी साहेब, याला विळा आन म्हनलं तर इसरून येतो. पन पाऊस पडला का त्या उतारावर हाच असतो, दरसाल. ते समद्यांनी पाह्यलंय."

"आजी, हे लिहून घेतलं तर तुमच्यावर येऊ शकतं."

"येऊ द्या. आता मी गावातच असते."

प्रांतसाहेबांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, "मोहिनीबाई, घ्या लिहून. गावातल्या वयस्कर माणसाचा लेखी जबाब हा या कायद्यात पुरावा धरला जातो."

मोहिनीबाईंनी लिहिलं. कुसाबाईने अंगठा दिला. आणि मग, मित्रांनो, मोहिनीबाईंचा हात पिशवीत गेला. पॅड उघडला. मला शाईत दाबलं आणि मी त्या कागदावर वर आलो. बोटभर अंतर राहिलं होतं.

"काय करताय?" प्रांतसाहेब म्हणाले.

"शिक्का, साहेब. फाईलला जोडायचं ना."

"ठेवा तो खाली."

कुसाबाईने तृप्तीला विचारलं, "ते काय व्हतं बाय?"

"ते मारलं असतं तर तुमचं बोलणं कपाटात गेलं असतं."

"मंग नको मारू," म्हातारी मोहिनीबाईंना म्हणाली. "लय वर्सांनी बोलले हाय."

मला खाली ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ओला झालो आणि उमटलो नाही. तो माझ्या आयुष्यातला एकमेव चांगला दिवस.

सावळीरामला एक एकर तीस गुंठे मिळाले. इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण मी गोड बोलायला बसलेलो नाही. महिन्याभरात एका साप्ताहिकाने ती जुनी फाईल छापली. पहिल्या पानावर माझ्या ठशाचा मोठा फोटो, शेजारी मथळा: गुप्त कागदांतून उघड, डोंगराचा अनभिषिक्त राजा. तृप्तीने लांबलचक उत्तर पाठवलं, चारही प्रश्नांसकट. ते छापलं नाही. जागा नव्हती म्हणे. आज नाशिकमध्ये शिकलेसवरलेले लोक एकमेकांना सांगतात, अहो, सरकारी कागदात आहे, पाच हजार माणसं होती त्याच्यामागे.

आणि गेल्या आठवड्यात कार्यालयात एक नवा हवालदार आला. तरुण, हुशार, गुडघे चांगले. प्रांतांकडच्या जबाबाची नक्कल वाचून त्याने नवी फाईल उघडली. पुढाऱ्याचं नाव: कुसाबाई. पुढचा रकाना: अनुयायी.

"मोहिनीताई, किती लिहू?"

"अठ्ठावन्न," मोहिनीबाई म्हणाल्या. "त्या स्वतःच म्हणाल्यात."

"एवढ्यावर वर कोण वाचणार?" तो म्हणाला, आणि लिहू लागला. किती लिहिलं ते मी पाहिलं आहे. तो कागद माझ्याखालूनच गेला.

म्हणून, मित्रांनो, तुम्हाला हात जोडता येत नाहीत मला, पण विनंती आहे. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा कुसाबाईचा तो कागद कुणीतरी उघडेल, त्याच्यावर लाल रेघ मारेल आणि तुमच्यापुढे ठेवेल. त्यावर मी असेन. माझ्याकडे बघून मान डोलवू नका. मी एवढंच सांगतो की हा कागद कुणीतरी झाकला होता. तो खरा आहे असं मी जन्मात कधी म्हटलेलं नाही. कागद वाचा, जरूर वाचा, फेकू नका. मग उठा, एसटीत बसा, घाटाखाली उतरा, हॉटेलात न थांबता दीड तास वर चढा, आणि तिथल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचारा, त्या दिवशी चौकीवर किती जणी होत्या.